गेरूच्या पट्ट्यांचं प्रकरण

“सर, उसाला जंगल म्हणायचं का?”

हा प्रश्न खरं तर अश्लेषाचा नव्हताच. तो राजेश्वरीचा होता, आणि राजेश्वरीलाही उत्तराशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या घरचा इस्लामपूरजवळ ऊस होता, तेवढाच काय तो संबंध. नववी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर तिने आणि ज्ञानदाने मिळून पैज लावली होती, की पुण्याच्या पाहुण्यांना हा प्रश्न विचारून दाखवेल तिला भडंगाचा एक पुडा. अट एकच, विचारताना हसायचं नाही.

आता अश्लेषाचं असं झालं होतं, की दिवाळीआधी तिने वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर काढला होता आणि तेव्हापासून तिला चारचौघांत उभं राहून बोलण्याचं भय उरलंच नव्हतं. उलट चारचौघं दिसले की आपोआप उभं राहावंसं वाटायचं. ती उठली, वेणी मागे टाकली आणि सभागृहाच्या पार दारापर्यंत पोचेल अशा आवाजात तिने प्रश्न विचारला.

सभागृह खदखदून हसलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका चांगल्या शाळेची अब्रू डोळ्यांदेखत जात असताना ती कशाला बघा, असा त्याचा अर्थ होता.

पाहुणे मात्र हसले नाहीत. निमिष सर त्यांचं नाव, काम जंगलं मोजण्याचं. वयाने तरुण, चष्मा मोठा, आणि बूट असे की माणूस चिखलातून आलाय हे सांगावं लागू नये. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले. “आकाशातून काढलेल्या फोटोत हिरवं ते हिरवंच दिसतं. ऊस की जंगल, हे ठरवायला कुणाला तरी खाली जमिनीवर जाऊन बघावं लागतं. ऊस वर्ष-दीड वर्षात वाढतो, कारखान्यात जातो आणि साखर होऊन तुमच्या चहात पडतो. त्याने हवेतून घेतलेला कार्बन लगेच हवेत परत. झाड मात्र तो वर्षानुवर्षं धरून ठेवतं. म्हणून ऊस जंगल नाही.”

मग ते बराच वेळ बोलले. नुकतीच जपानमध्ये मोठी परिषद झाली होती. आता देशोदेशींना आपल्या जंगलांत आणि जमिनीत किती कार्बन साठलाय, झाडं तोडल्यामुळे किती हवेत गेला, याचा हिशेब जगापुढे मांडायचा होता. आपल्या देशाचीही तयारी सुरू होती. जंगल मोजायला वनखातं होतं, पिकं मोजायला शेतीखातं.

“पण रस्त्याकडेची झाडं, बांधावरची, गायरानातली. ती म्हणावी तशी कुणाच्याच हिशेबात नाहीत. कुणीतरी ती मोजायला हवीत,” निमिष सर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी थेट अश्लेषाकडे पाहिलं. निदान अश्लेषाचं मत तसं होतं. ज्ञानदाच्या मते ते अश्लेषाच्या मागच्या घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांना गाडी गाठायची होती.

तरी कार्यक्रम संपल्यावर अश्लेषाने त्यांना दारात गाठलंच. त्यांनी रीत सांगितली: छातीच्या उंचीवर झाडाचा घेर मोजायचा, उंचीचा अंदाज घ्यायचा, जात लिहायची. त्यावरून लाकूड किती ते काढता येतं आणि लाकडावरून कार्बन. “मोजा आणि मला दाखवा. मार्चमध्ये मी साताऱ्याला असेन.”

त्या दिवशी अश्लेषा घरी आली ती एका हातात भडंगाचा पुडा आणि डोक्यावर भारत सरकारची कामगिरी घेऊन. शाळेपासून कालव्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरची सगळी झाडं मोजायची आणि ती देशाच्या हिशेबात बसवायची, हे तिने कोपऱ्यावर वळायच्या आतच ठरवलं होतं. राजेश्वरी नि ज्ञानदालाही तिने कामगिरीत सामील करून घेतलं, त्यांना न विचारता.

घरी पहिली अडचण भाषेची निघाली.

“हे ‘छातीच्या उंचीवर’ तू जिन्यात उभी राहून ओरडून सांगायलाच हवं का?” आई म्हणाली.

“शास्त्रात तसंच आहे.”

“मग शास्त्राला म्हणावं, ‘खांद्याच्या जरा खाली’ म्हण.”

बाबा सहकारी बँकेत हेडक्लार्क होते. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, “यात कुठे सही तर करावी लागत नाही ना?” नाही म्हटल्यावर त्यांचा त्या प्रकल्पाला पूर्ण पाठिंबा होता.

पण जिन्यातलं बोलणं व्हायचा तो परिणाम करून गेलं. खालच्या मजल्यावर जोतिबाकाका राहत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तासगावकडचे. निवृत्तीपासून त्यांना हुकूम सोडायला माणसं मिळेनाशी झाली होती आणि त्यापायी त्यांची तब्येत उतरत चालली होती, असं त्यांच्या मंडळींचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी अशा थाटात दारात उभे.

“बेटी, काम देशाचं हाय. सिव्हिलियन पद्धतीनं न्हाई चालायचं. तीन मानसं हायत, त्याची टोळी करायची. एक मोजनार, एक लिवनार, एक चौकस नजर ठेवनार.”

“कशावर काका?”

“ते मोर्च्यावर गेल्यावर कळतंय.”

तर अशी मोजणी सुरू झाली. पहिली चिंच मोजताच वाद पेटला. छातीची उंची म्हणजे कुणाच्या छातीची? अश्लेषाच्या छातीला एक घेर, बुटक्या ज्ञानदाच्या छातीला दुसरा, आणि जोतिबाकाकांनी छाती फुगवून मोजला तो तिसराच. एकाच चिंचेचे तीन घेर वहीत चढले. राजेश्वरी म्हणाली तिन्ही लिहू, देशाचा फायदाच आहे. अश्लेषाला हे पटेना. ती एसटीडी बूथवर गेली, पुण्याला फोन लावला आणि निमिष सरांना त्यांच्या शास्त्रातला हा दोष सुनावला. सर म्हणाले, छाती कुणाचीही धरू नका, साडेचार फुटांची काठी घ्या आणि सगळीकडे तीच लावा.

काठी म्हणून जोतिबाकाकांनी सर्वांत सरळ अशी जी निवडली, ती अश्लेषाच्या आईच्या मच्छरदाणीची निघाली. त्या रात्रीपासून आईच्या बाजूची मच्छरदाणी तिच्या नाकावर येऊन बसू लागली. देशासाठी एवढं सोसायला आईची तयारी होती, फक्त दर सकाळी ती त्याचा एकदा उल्लेख करत असे.

कॉलनीचे सल्लेही सुरू झाले. समोरच्या बिऱ्हाडातून सांगणं आलं, की पिंपळाला टेप लावू नका, त्यावर राहणाऱ्यांना आवडत नाही. वरच्या मजल्यावरून आलं, की मुलीने झाडांपेक्षा बीजगणिताकडे बघावं. टेप आणला होता शिंप्याचा. तो कडुनिंबाला पुरला, चिंचेला कसाबसा पुरला, आणि वडाशी येऊन त्याने हात टेकले. मग आईची कपडे वाळत घालायची दोरी आली. त्या वडाच्या पारंब्याही जमिनीत जाऊन जाड झालेल्या. आता त्यातलं झाड कुठलं नि पारंबी कुठली, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी जोतिबाकाका म्हणाले, “ज्याला टेकून मी शिट्टी मारू शकतोय, त्ये खोड.” इतकी स्वच्छ व्याख्या पुस्तकातही सापडली नसती.

खरी गोची पुढेच होती. एका रविवारी ज्ञानदा नि राजेश्वरी कालव्याच्या टोकाकडून निघाल्या, अश्लेषा नि काका शाळेकडून. मधे भेटले तेव्हा कळलं, की मधली झाडं दोन्हीकडून मोजली गेली होती आणि कुठली ते कुणालाच सांगता येईना. अश्लेषा हिरमुसली. देशाच्या हिशेबात एक लिंब दोनदा उभा राहिला तर तोंड कुठे दाखवायचं?

“फौजेत परत्येक चिजंवर नंबर असतोय,” काका म्हणाले. “बंदुकीवर, ताटावर, कंबलावर. नंबर घातला की चीज हरवत न्हाई.”

झालं. गेरू आला, चुना आला. मोजलेल्या झाडाला गेरूचा पट्टा आणि त्यावर चुन्याने आकडा. पट्टे मुली ओढत, आकडे मात्र काका कुणाला काढू देत नसत. एक गुडघा जमिनीला टेकून, जीभ किंचित बाहेर काढून ते असा झोकदार आकडा काढत, की लांबून बघणाऱ्याने म्हणावं, हे सरकारचंच काम. पावसाने जाऊ नये म्हणून त्यांनी गेरूत नि चुन्यात सरसही मिसळला होता. शेवटच्या झाडावर आकडा पडला त्या दिवशी अश्लेषा रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने एकदा सगळी रांग नजरेत भरून घेतली. कवायतीला उभी राहिल्यासारखी झाडं, कमरेला पट्टे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या मुलखात गेरूचा पट्टा आणि आकडा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागे दुसऱ्या एका रस्त्याच्या रुंदीकरणात असेच पट्टे पडले होते आणि महिन्याभरात तिथे सावली म्हणून उरली नव्हती. पट्टा म्हणजे लिलाव, लिलाव म्हणजे करवत. अख्ख्या परिसराला गेरू वाचता येत होता, येत नव्हता तो फक्त पट्टे मारणाऱ्या चौघांना. मुली शाळा ते घर एवढंच जग बघितलेल्या, आणि जोतिबाकाकांची उमेदीची वर्षं राजस्थानच्या वाळूत गेलेली. तिथे रंगवायला झाड होतं कुठे?

त्यामुळे पुढे जे जे घडलं, ते अश्लेषाला भलतंच सुखाचं वाटलं. सायकल दुरुस्तीवाल्याने आपली टपरी न सांगता मागे सरकवली. एका घरमालकाने रस्त्यावर आलेला स्वतःचा कट्टा स्वतःच फोडायला घेतला. रस्त्यापलीकडे ऊस असलेले आकारामतात्या तर तिला शोधत शाळेच्या फाटकापर्यंत आले.

“ताई, माज्या बांधावरच्या शेवग्यास्नी बी नंबर घाला की. शेजारच्याच्या बाभळीस्नी घातला, मग आमीच काय घोडं मारलंय?”

अश्लेषा गेली. बांधावर शेवग्याच्या काठ्या कालपरवा खोचल्यासारख्या उभ्या होत्या, आणि तात्यांनी अडचण नको म्हणून गेरू आधीच फासून ठेवला होता. तिने त्यांना तिथेच उभं करून कार्बनवर व्याख्यान दिलं. तात्यांनी ते टोपी काढून ऐकलं आणि शेवटी विचारलं, “ते समदं बराबर हाय. पर भरपाई कवा मिळती?”

“भरपाई जगाला मिळेल तात्या,” ती म्हणाली.

तात्या जरा खट्टू झाले. भरपाई इतक्या लोकांत वाटली तर त्यांच्या वाट्याला किती येणार?

तिकडे नाथाजी ठेकेदाराच्या कानावर पट्टे गेले. जुन्या झाडांचं लाकूड घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आपल्याला न कळवता लिलाव होतोय म्हणजे काय, या रागाने तो रस्त्यांच्या कचेरीत जाऊन थडकला. कचेरीत त्या रस्त्याची फाईल शोधली. मिळाली नाही. पुन्हा शोधली. आता यातली सरकारी विचारसरणी समजून घ्यायला हवी. झाडांवर नंबर आहेत. नंबर असलेल्या झाडांची फाईल नसणं शक्यच नाही. म्हणजे फाईल हरवली. आणि हरवलेल्या फाईलची चौकशी लागण्यापेक्षा ती नव्याने केलेली केव्हाही बरी. म्हणून पुष्कर नावाचे भाऊसाहेब सायकल घेऊन आले, झाडांवरचे सगळे आकडे मुकाट्याने उतरवून घेऊन गेले, आणि आठवड्याभरात फाईल जन्माला आली. ज्या अर्थी फाईल आली त्या अर्थी नोटीसही आली. ती पहिल्या नंबरच्या चिंचेवर चिकटवण्यात आली.

अश्लेषाने ती शाळेतून येताना वाचली. खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा वाटला तो अभिमान. आपले नंबर, आपल्या क्रमाने, टाईप करून, खाली शिक्का. मग ती वरचं वाक्य वाचायला लागली, ‘खालील वृक्षांचा जाहीर लिलाव’, आणि तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

चिंचेखाली रंगूबाई भाजी मांडून बसलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची जागा तीच. नोटीस वाचता येत नसली तरी तिला मजकूर ठाऊक होता.

“तुमीच घातलं व्हय गं हे नंबर?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते ऐकवेना.

“हो मावशी. पण तोडायला नाही. मोजायला.”

“शाळंचं काय ते असंल बाई तुमच्या. पर मी बसू कुठं आता? उनात मेथी दुपारपत्तूर बी टिकत न्हाई.”

घरी हाहाकार झाला. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “सही केली नाहीयेस ना?” आणि नाही म्हटल्यावरही ते पाण्याचा पेला हातात घेऊन बसून राहिले. समोरच्या बिऱ्हाडाने वकील गाठायला सांगितलं, वरच्या मजल्याने मुलीला चार दिवस वाईला मावशीकडे पाठवायला सांगितलं. आई मात्र बादली आणि घासणी घेऊन निघाली. पण सुभेदारांचा सरस तो. दोघीतिघींनी मिळून एक पट्टा घासला, तर साल निघायला आली, आकडा मात्र आधीपेक्षा उजळ दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी अश्लेषा नि जोतिबाकाका कचेरीत.

“नंबर तुम्ही घातले याला पुरावा काय?” पुष्कर भाऊसाहेबांनी विचारलं.

काकांनी पिशवीतून ब्रश काढून टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी तो पेपरवेटसारखा बाजूला सरकवला.

“हे बघा, लिलाव मागे घ्यायचा तर ज्याने प्रस्ताव टाकला त्याने तो मागे घ्यायला हवा.”

“प्रस्ताव कुणी टाकला?” अश्लेषाने विचारलं.

“तेच तर फायलीत नाही.”

“मग तो मागे कोण घेणार?”

“म्हणून तर घेता येत नाही.” भाऊसाहेब हे इतक्या समजूतदार सुरात म्हणाले, की क्षणभर तिलाही ते बरोबर वाटलं. साहेबांना भेटायचं म्हणावं, तर साहेब दौऱ्यावर. ते थेट लिलावालाच येणार.

परतताना काका कालव्याच्या पुलावर थांबून म्हणाले, “बेटी, आकडं मी काडले. उंद्या मी सांगतो, माजी चूक हाय म्हनून.”

“नाही काका. मोजायचं मी ठरवलं होतं.”

लिलावाच्या दिवशी पहिल्या चिंचेखाली टेबल मांडलं. साहेब जीपमधून उतरले. नाथाजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, त्याच्याबरोबर आणखी दोघे-तिघे ठेकेदार, आणि मागे त्याचा गडी गुंडा खांद्यावर करवत टाकून, म्हणजे बोली संपायची खोटी. सगळी कॉलनी जमली होती. आकारामतात्या आपल्या शेवग्याची पाळी कधी येते ते बघायला पुढेच उभे. रंगूबाईने पाटी उचलून कडेला ठेवली होती, तिला कुठल्या बाजूला ठेवावी हेच सुचत नसावं.

भाऊसाहेबांनी पहिला नंबर पुकारला. अश्लेषा पुढे झाली. तिच्या लक्षात आलं, की हे वक्तृत्व स्पर्धेसारखं नव्हतं. तिथे फक्त ढाल जाणार होती.

“साहेब, हे नंबर माझे आहेत.”

गर्दी हसली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझे म्हणजे?”

“मी घातलेत. झाडं मोजायला. दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून.”

“आणि तू झाडं का मोजतेस बाळ?”

तिने सांगितलं. हवा, कार्बन, परिषद, देशाचा हिशेब, सगळं. साहेब चांगले गृहस्थ होते, त्यांनी ऐकून घेतलं. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले, “फार छान. पण कागद पुढे गेलाय. आता मी काय कारण लिहून थांबवू? शाळेतल्या मुलीने मोजली, असं लिहू?”

नाथाजी म्हणाला, “साहेब, ऊन लय झालंय. बोली सुरू करूया का?”

अश्लेषाला रडू येत होतं. तेवढ्यात तिला निमिष सरांचं सभागृहातलं एक वाक्य आठवलं. हिशेब दोन्ही बाजूंचा असतो, झाड उभं आहे तेही लिहायचं आणि तोडलं तेही. तिने वही उघडली, पेन काढलं.

“ठीक आहे साहेब. मग फक्त एक सांगा. मी ही झाडं उभी म्हणून लिहिलीत. आता तोडली म्हणून लिहावं लागेल, आणि का तोडली तेही. हे मार्चमध्ये साताऱ्याला सरांकडे जाणार. त्याच्या खाली नाव कुणाचं घालू?”

साहेबांचा चेहरा जरा बदलला. “साताऱ्याहून ते कुठे जातं?”

“सर पुण्याचे. पण हिशेब दिल्लीचा आहे.”

“दिल्लीचा.”

“आणि दिल्ली तो बाहेरच्या देशांना दाखवणार.”

साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी जीपकडे पाहिलं. आपलं नाव जिल्ह्याबाहेर जावं, अशी त्या दोघांचीही इच्छा कधीच नव्हती. साहेबांनी फाईल जवळ ओढली आणि पहिल्यांदाच ती नीट वाचायला घेतली. वाचता वाचता ते थांबले.

“भाऊसाहेब, यात मूळ प्रस्ताव कुठाय?”

“तो... हरवलाय साहेब.”

“हरवलाय की नव्हताच?”

साहेबांनी पेन उघडलं आणि मोठ्याने उच्चारत लिहिलं, “सदर वृक्षांची राष्ट्रीय पातळीवरील मोजणी चालू असल्याचे निदर्शनास आल्याने लिलाव रद्द.” मग अश्लेषाकडे वळून म्हणाले, “हे लिहिलं तर आमचं नाव येणार नाही ना?”

“येईल साहेब. झाडं राखली म्हणून येईल.”

“मग नीट अक्षरात लिही,” साहेब म्हणाले.

नाथाजी वैतागला. “म्हंजे आमी सकाळधरनं हितं उनात उगंच उभं?” त्यावर रंगूबाई म्हणाली, “सावलीला या की मग. सावली हाय अजून,” आणि तिने पाटी उचलून जुन्या जागी मांडली. गुंडाने करवत खाली टेकवली आणि तिच्याकडून मेथीची जुडी घेतली. आकारामतात्या मात्र नंतर कितीतरी दिवस अश्लेषाशी बोलत नव्हते.

मार्चमध्ये बाबा रजा काढून तिला एसटीने साताऱ्याला घेऊन गेले. अश्लेषाने तक्ता तीनदा स्वच्छ उतरवून काढला होता. निमिष सरांनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून तो शेवटपर्यंत वाचला, आणि मग जे सांगितलं ते तिला अजिबात अपेक्षित नव्हतं.

“हे देशाच्या हिशेबात थेट घालता येत नाही, अश्लेषा.”

“का?” तिचा आवाज चिरकला. लिलावाच्या दिवशी तो चिरकला नव्हता.

“हा रस्ता तू निवडलास, तुला तो आवडतो म्हणून. आवडीचे रस्ते निवडले की देशभर झाडंच झाडं दिसतात. आम्ही नकाशावर न बघता ठिपके टाकतो. ठिपका पडेल तिथे जायचं आणि जे असेल ते मोजायचं. चल, दाखवतो.”

जीप शहर मागे टाकून वरच्या पठारावर गेली. तिथे नुसता काळा खडक पसरलेला, उन्हात तापलेला. सरांच्या माणसांनी दोऱ्या ताणून जागेचे चार कोपरे धरले, होकायंत्र लावलं, एकेक बाजू चालून पाहिली. त्या चौकोनात झुडूपसुद्धा नव्हतं.

“सर, इथे काहीच नाही,” अश्लेषा म्हणाली.

“नाही. पण ते इथे आल्याशिवाय कसं म्हणणार?” सरांनी कागदावर ‘वृक्ष नाहीत’ असं लिहिलं, तितक्याच काळजीने, जितक्या काळजीने जोतिबाकाका आकडे काढत. खाली सही केली. मग तिचा तक्ता पुन्हा हातात घेतला. “हा मात्र मी ठेवून घेतो. रस्त्याकडेची झाडं कशी मोजावी यावर आमच्यात अजून वाद चाललेत. तू प्रत्येक झाडाचा घेर एकाच उंचीवर घेतलायस. आमच्या लोकांकडूनही इतकं सरळ काम नेहमी येत नाही.”

बाबा कडेला उभे होते. बँकेत वर्षानुवर्षं ताळेबंद जुळवलेला माणूस तो. त्यांनी वाकून त्या रिकाम्या खडकाकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे, आणि हळूच म्हणाले, “म्हणजे शिल्लक शून्य असली तरी लिहावी लागते. बरोबर आहे.”

परतीच्या गाडीत अश्लेषा कराड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बाबांना वाटलं, तिचं मन मोडलं. त्यांनी तिला कराडच्या स्टँडवर उसाचा रस पाजला. ती तो प्यायली, पण बोलली नाही. आपल्या मुलीने इतका वेळ गप्प बसण्याची बाबांना सवय नसल्याने ते पार सांगलीपर्यंत अस्वस्थ होते.

जेवणं झाली. आई ताटं उचलत होती. बाबांनी पुढच्या वर्षीच्या क्लासचा विषय काढला. गणित चांगलं आहे तर बँकेच्या परीक्षा आहेत, जीवशास्त्र आवडत असेल तर डॉक्टरकीचंही बघता येईल, असं ते म्हणत होते. अश्लेषा उभी राहिली. खरं तर स्वयंपाकघरात उभं राहून बोलायची काहीच गरज नव्हती.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” ती म्हणाली. “मी बँकेतही जाणार नाही आणि डॉक्टरही होणार नाही. मी जंगलं मोजायला शिकणार. ते देहरादूनला शिकवतात, मी सरांना विचारून आलेय. ठिपका कुठेही पडो, झाड असो की नुसता दगड, तिथे चालत जायचं, असेल ते मोजायचं आणि खाली सही करायची. आणि सही मी करणार आहे, बाबा.”